दोन मुलखांचा गोलरक्षक

‘तुमचे मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न आपल्यासारख्या मंडळींना जन्मभर पुरतो. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या पाठोपाठ आपले पूर्वज इकडे आले, वाडे बांधून राहिले, इथल्या मातीत मिळाले. तरी लग्नाची बोलणी निघाली की कोकणातले किंवा वाईकडचे एखादे न पाहिलेले गाव सांगावे लागते. त्या गावी जावे, तर तेथे आपल्याला ओळखणारे कोणी नाही. आणि इथले शेजारी, प्रेमाने का होईना, आपल्याला ‘दक्षिणी’च म्हणणार. या अवघडलेपणाची आपल्याला आता सवय झाली आहे. पण ज्याला परक्या मुलखाने आधी दगड दाखवले आणि मग डोक्यावर घेतले, आणि ज्याच्या मायदेशाने मात्र ‘तू परदेशी खेळतोस’ एवढ्याच कारणाने त्याला आपला सदरा अंगात घालू दिला नाही, अशा एका माणसाची हकिकत वाचली म्हणजे आपली तक्रार फारच किरकोळ वाटू लागते. त्या माणसाचे नाव बर्ट ट्राउटमान. धंदा, गोलरक्षकाचा.

मुळात गोलरक्षक हा फुटबॉलच्या मैदानावरचा परकाच. बाकीचे दहाजण एका रंगाच्या सदऱ्यात, हा निराळ्या रंगाच्या. बाकीच्यांनी हात लावला तर गुन्हा, याने नाही लावला तर गुन्हा. नऊ गोल वाचवले त्याची नोंद कोणी ठेवत नाही, दहावा सुटला तो मात्र नातवंडांना सांगितला जातो. असो.

ट्राउटमानचा जन्म २२ ऑक्टोबर १९२३ रोजी उत्तर जर्मनीतील ब्रेमेन या बंदराच्या गावी झाला. बाप गोदीजवळच्या खतांच्या कारखान्यात कामगार. पोरगा अंगाने उंच, दणकट, आणि खेळांच्या मागे वेडा. फुटबॉलइतकाच हँडबॉलही खेळे, आणि हा हँडबॉल पुढे त्याच्या फार कामी आला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. त्या वयातील जर्मन मुलांप्रमाणे तोही नाझींच्या बालसंघटनेत दाखल झाला. मोटारदुरुस्तीच्या उमेदवारीत काही दिवस काढले आणि १९४१ साली तो सैन्यात भरती झाला. आधी हवाईदलात बिनतारी संदेशाचे काम, मग छत्रीधारी सैनिकांत बदली आणि रशियाची आघाडी.

त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण ही वर्षे दोन ओळींत उरकतात. ते मला बरोबर वाटत नाही, कारण पुढच्या साऱ्या कथेचे वजन याच वर्षांत आहे. हा काही जबरदस्तीने रणांगणावर ओढलेला गरीब बिचारा नव्हता. तो स्वतःहून गेला, शौर्याने लढला, त्याने ‘लोखंडी क्रूस’ मिळवला. आणि १९४१ च्या शरदात युक्रेनमधील एका जंगलात त्याने व त्याच्या एका सोबत्याने लपून जे पाहिले, ते त्याने पुष्कळ वर्षांनी सांगितले: खणलेले चर, त्यांच्या काठाशी उभे केलेले स्त्री-पुरुष आणि मुले, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडणारी नाझींची खास तुकडी. दोघे सरपटत माघारी आले आणि त्यांनी तोंड मिटून घेतले. सांगणार कोणाला? आणि सांगून विचारणार काय? पुढे चार वर्षे तो लढतच राहिला. हजारभर शिपायांची त्याची पलटण, शेवटी नव्वदेक उरली.

रशियनांच्या हातून निसटला, फ्रेंच बंडखोरांच्या हातून निसटला, बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखाली गाडला जाऊनही वाचला, आणि अखेर १९४५ मध्ये पळता पळता कुंपणावरून उडी मारली ती नेमकी ब्रिटिश शिपायांच्या पुढ्यात. त्या शिपायाने बंदूक रोखण्याऐवजी चहा हवा का म्हणून विचारले, अशी कथा इंग्लंडात मोठ्या चवीने सांगितली जाते. इंग्रजांना आपल्याविषयीच्या अशा कथा आवडतात; तरी ती खरी मानायला हरकत नाही.

युद्धकैद्यांची इंग्रजांनी तीन रंगांत वर्गवारी केली होती. नाझीविरोधी ते पांढरे, मधले ते करडे आणि नाझी मनाचे ते काळे. ट्राउटमानच्या नावापुढे प्रथम काळी खूण पडली. लँकेशायरमधील अ‍ॅश्टन-इन-मेकरफील्ड येथील ५० नंबरच्या छावणीत त्याची रवानगी झाली. येथे त्याला इतर कैद्यांबरोबर छळछावण्यांचा चित्रपट दाखवण्यात आला, आणि येथेच एका ज्यू अधिकाऱ्याची मोटार चालवण्याचे काम त्याच्याकडे आले. बालपणापासून ज्यांच्याविषयी विष ऐकले, त्यांतल्या एकाशी रोज शेजारी बसून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. पहिल्या दिवशी दोघांचे काही गोडीगुलाबीने झाले नसणार. पण तेच काम त्याला पुष्कळ शिकवून गेले.

छावणीच्या फुटबॉल संघात तो मधल्या फळीत खेळायचा. एका सामन्यात दुखापत झाली, मैदान सोडायला मन होईना, तेव्हा त्याने गोलरक्षकाशी जागा बदलून घेतली. झाले! त्या दिवसापासून तो गोलात उभा राहिला तो चाळिशीपर्यंत. ‘बेर्न्ट’ हे नाव इंग्रजांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याचे ‘बर्ट’ झाले, तेही इथलेच.

१९४८ साली छावण्या मिटल्या. घरी जाण्याची मुभा होती; तो गेला नाही. काही दिवस शेतावर राबला आणि मग लिव्हरपूलजवळ न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याच्या कामावर लागला. म्हणजे जर्मन विमानांनी टाकलेले बॉम्ब एक जर्मन माणूस इंग्रजांच्या अंगणातून उकरून काढत होता! सुट्टीच्या दिवशी तो सेंट हेलन्स टाऊन या लहानशा हौशी संघाकडून खेळे. त्याला बघायला लोक इतके लोटू लागले की एका स्थानिक चषकाच्या अंतिम सामन्याला नऊ हजारांची गर्दी झाली. संघाच्या चिटणीसांची मुलगी मार्गारेट हिच्याशी १९५० साली त्याचे लग्न झाले. त्याआधी तो प्रथमच ब्रेमेनला आईबापांना भेटायला निघाला, तेव्हा सेंट हेलन्सच्या मंडळींनी त्याच्यासोबत खाद्यपदार्थांनी भरलेली एक ट्रंक आणि पाकिटात पन्नास पौंड दिले. इंग्लंडात त्या वेळी रेशनिंग चालू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ट्रंकेची किंमत कळते. मोठ्या शहराने पुढे त्याला डोक्यावर घेतले खरे. पण पहिले घर दिले ते या कोळशाच्या आणि काचेच्या कारखान्यांच्या गावाने.

ऑक्टोबर १९४९ मध्ये मँचेस्टर सिटी या पहिल्या श्रेणीच्या संघाने त्याला करारबद्ध केले, आणि वादळ उठले. मँचेस्टर काही युद्ध दुरून पाहिलेले शहर नव्हते. १९४० च्या नाताळात जर्मन बॉम्बनी त्याचा मध्यभाग जाळला होता. शेजारच्या मँचेस्टर युनायटेडचे मैदान १९४१ मध्ये उद्ध्वस्त झाले होते आणि तो संघ १९४९ च्या उन्हाळ्यापर्यंत सिटीच्याच मैदानावर आश्रिताप्रमाणे खेळत होता. शहरात ज्यूंची मोठी वस्ती. त्यांच्यात हिटलरच्या तडाख्यातून जीव वाचवून आलेले कितीतरी. आणि गोलात उभा करायचा तो कोणाच्या जागी? तर फ्रँक स्विफ्टसारख्या इंग्लंडच्या लाडक्या गोलरक्षकाच्या जागी एक जर्मन छत्रीधारी! सुमारे वीस हजार लोकांनी निषेध केला असे सांगतात. हंगामी तिकिटे परत करण्याच्या धमक्या आल्या, शिव्यांची पत्रे आली.

संघाचा कप्तान एरिक वेस्टवुड स्वतः नॉर्मंडीत लढून आलेला. या कपडे बदलण्याच्या खोलीत युद्ध नाही, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले आणि ट्राउटमानचे स्वागत केले. हे मोठेपण खरेच. पण शिपायाला शिपायाचे मन कळते, त्यात तितकेसे नवल नाही. नवल केले ते डॉ. अलेक्झांडर आल्टमान यांनी. हे मँचेस्टरच्या ज्यू समाजाचे धर्मगुरू. १९३८ साली जर्मनीतून निसटून आलेले. त्यांचे आईवडील मात्र नाझींच्या हातून मारले गेले. ट्राउटमानवर बहिष्कार घाला म्हणून सर्वांत आधी हाक देण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो या गृहस्थांना होता. त्यांनी स्थानिक दैनिकात जाहीर पत्र लिहिले: जर्मनांची कृत्ये कितीही भयंकर असोत, त्यांची शिक्षा एका माणसाला, त्याचा स्वतःचा दोष ठरल्यावाचून, देणे न्यायाचे नाही.

मला स्वतःला या साऱ्या कथेत हे पत्र सर्वांत मोठे वाटते. ट्राउटमानच्या मोडलेल्या मानेवर पाने भरून लिहिले गेले आहे. मान मोडल्यावर खेळत राहणे याला जिद्द लागते, आणि काही अंशी ते न कळतही घडते. हे पत्र लिहिणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे पूर्ण ठाऊक होते. त्यांनी ट्राउटमानला निर्दोष म्हटले नाही, क्षमा असो असेही म्हटले नाही. त्यांनी फक्त एकाचा हिशेब दुसऱ्याच्या नावे मांडायला नकार दिला. युक्रेनच्या जंगलातली गोष्ट तेव्हा कोणालाच माहीत नव्हती. माहीत असती तर आल्टमान यांनी काय लिहिले असते, याचे उत्तर आता कोणी देणार नाही. पत्रानंतर विरोधाची धार हळूहळू बोथट झाली.

१९ नोव्हेंबर १९४९ रोजी बोल्टनविरुद्ध तो पहिला सामना खेळला. जानेवारी १९५० मध्ये लंडनला फुलहॅमच्या मैदानावर गेला, तेव्हा गर्दीने त्याला जर्मन, नाझी म्हणून हवे ते ऐकवले. लंडननेही बॉम्ब खाल्ले होते. सिटीचा संघ त्या साली दुबळा. मोठा पराभव ठरलेलाच होता. पण ट्राउटमानने एकामागून एक फटके अडवले आणि फुलहॅमला एकच गोल मिळाला. पंचांची शेवटची शिटी झाली तेव्हा शिव्या देणारे तेच लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि दोन्ही संघांचे खेळाडू दुतर्फा उभे राहून त्याला वाट करून देत होते. (सिटीचा संघ त्या हंगामाअखेर खालच्या श्रेणीत घसरलाच आणि वर्षभराने परत आला.)

त्याच्या खेळाचे वैशिष्ट्य काय? त्या काळचा इंग्रज गोलरक्षक चेंडू हाती आला की लाथ मारून तो दूर भिरकावून देई. मग तो आपल्या माणसाकडे जावो की दुसऱ्याच्या. ट्राउटमान लाथेऐवजी हाताने फेकी. हँडबॉलचा सराव असल्यामुळे त्याची फेक लांब जाई आणि नेमकी बाजूच्या गड्याच्या पायाशी पडे. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीच्या संघाने वेम्ब्ली येथे इंग्लंडला ६-३ असे लोळवले. त्या संघाचा गोलरक्षक ग्रोसिच हाही असाच खेळे. सिटीने तो धडा घेतला. डॉन रेव्ही या खेळाडूला मधोमध पुढे न ठेवता मागे खेचला आणि ट्राउटमानच्या हातातून सुटलेला चेंडू त्याच्यापर्यंत पोचवण्याची साखळी बांधली. म्हणजे चढाईची पहिली पायरी गोलरक्षकाच्या हातात आली. आज जगभर गोलरक्षकांकडून याचीच अपेक्षा करतात. त्या वेळी इंग्लंडात ते नवलाचे होते.

अशा खेळाडूची मायदेशाला आठवण झाली नाही असे नाही. १९५२ साली शाल्के या जर्मन संघाने हजार पौंड देऊ केले. सिटीने उत्तर दिले की आमच्या हिशेबाने या गड्याची किंमत याच्या वीसपट आहे. मग राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक सेप हेर्बेर्गर यांच्याशी त्याची भेट झाली. हेर्बेर्गर यांनी प्रवासाची अडचण सांगितली, राजकारणाची सांगितली, आणि जर्मनीतल्या संघांतून खेळशील तरच विचार करता येईल असे स्पष्ट केले. जर्मनीत परतायचे तर सिटी सोडायला हवी, आणि सिटी सोडणार नाही. जर्मनीला आंतरराष्ट्रीय सामने खेळण्याची परवानगी १९५० मध्येच परत मिळाली होती. ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथे पश्चिम जर्मनीने त्याच हंगेरीला ३-२ असे हरवून विश्वचषक जिंकला. गोलात टोनी तुरेक होता. रेडिओवरच्या निवेदकाने त्या दिवशी त्याला फुटबॉलचा देव म्हटले. ऐन उमेदीतला ट्राउटमान, वय तीस, इंग्लंडात होता. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून तो आयुष्यात एकही सामना खेळला नाही. उलट १९६० साली इंग्लिश लीगच्या निवडक संघात त्याची निवड झाली आणि तो आयरिश लीगविरुद्ध खेळला. ज्यांच्याशी लढला त्यांच्या सदऱ्यात उभा राहिला. ज्यांच्यासाठी लढला त्यांच्या नाही.

१९५५ साली सिटी चषकाच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलकडून ३-१ अशी हरली. १९५६ साली पुन्हा अंतिम फेरी गाठली; पण उपांत्य सामन्यात टॉटनहॅमच्या रॉब या खेळाडूचा पाय ट्राउटमानने धरून ठेवला, पंचांनी दंड दिला नाही, आणि सिटी एका गोलाने जिंकली. गहजब झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्याला साधू करून ठेवण्याची ज्यांना घाई असते ते हा प्रसंग गाळतात. गडी तापट होता, पंचांशी भांडे, सोबत्यांवर डाफरे. तरीही त्या वर्षीचा उत्कृष्ट खेळाडू म्हणून क्रीडालेखकांनी त्याचीच निवड केली. हा मान मिळवणारा तो पहिला गोलरक्षक.

५ मे १९५६. वेम्ब्ली. समोर बर्मिंगहॅम सिटी. सिटी ३-१ ने पुढे, खेळाची सतरा मिनिटे बाकी. बर्मिंगहॅमचा मर्फी चेंडू घेऊन घुसला. ट्राउटमानने त्याच्या पायांवर झेप घेऊन चेंडू कवटाळला आणि मर्फीचा गुडघा मानेवर आदळला. काही क्षण शुद्ध नव्हती. बदली खेळाडू घेण्याची सोय त्या काळी नव्हती. गोलरक्षक गेला तर दुसऱ्या कोणाला तरी गोलात उभे राहावे लागणार आणि दहाजणांनी खेळावे लागणार. कप्तान रॉय पॉल दुसऱ्याला गोलात पाठवायला निघाला होता, पण ट्राउटमान हटेना. मान धरून, लटपटत, जेमतेम दिसत असताना तो उरलेला वेळ खेळला आणि त्यातही मर्फीची एक चढाई त्याने मोडली. सामना संपल्यावर चषक घ्यायला वर गेला तेव्हा मान वाकडी. समोर उभ्या असलेल्या राजपती फिलिप यांच्याही ती नजरेत आली.

लंडनच्या इस्पितळात मान लचकल्याचे सांगून त्याला घरी पाठवले. चार दिवसांनी मँचेस्टरमध्ये क्ष-किरणांचे चित्र काढले. पाच मणके जागचे सरकले होते आणि दुसरा मणका दुभंगला होता. तिसरा मणका त्याच्याशी पाचरीसारखा अडकून बसला, म्हणून माणूस जिवंत राहिला. पुढे कित्येक महिने तो प्लास्टरमध्ये होता.

त्याच उन्हाळ्यात, प्लास्टर अंगावर असतानाच, त्याचा पाच वर्षांचा मुलगा जॉन मोटारीखाली सापडून गेला. मानेची कथा सारे सांगतात; ही क्वचितच सांगितली जाते. घर त्या धक्क्यातून सावरले नाही. १९७२ साली पतिपत्नी विभक्त झाले.

तो मात्र पुन्हा गोलात परतला आणि १९६४ पर्यंत उभा राहिला. सिटीसाठी एकूण ५४५ सामने. या काळातील मिळकतीविषयी कोणाचा गैरसमज नको: इंग्लंडात खेळाडूंच्या वेतनाला कायद्यासारखी मर्यादा होती आणि १९६१ मध्ये ती उठली तेव्हाही ती आठवड्याला वीस पौंडांचीच होती. १५ एप्रिल १९६४ च्या निरोपाच्या सामन्यात सिटी आणि युनायटेड या हाडवैऱ्यांनी मिळून एक संघ उतरवला. बॉबी चार्लटन, डेनिस लॉ त्यात होते. समोर स्टॅनली मॅथ्यूज, टॉम फिनी. तिकिटांचा आकडा ४७,००० चा, पण प्रत्यक्षात माणसे त्याहून पुष्कळ असावीत. सामना संपताच लोक मैदानात घुसले आणि त्यांनी गोलाचे खांब उपटून नेले. या खांबांमध्ये आता दुसऱ्या कोणी उभे राहायचे नाही म्हणून.

एवढ्या निरोपानंतर माणसाने घरी बसावे. पण धंदेवाईक खेळाडूला ते जमत नाही. वेलिंग्टन टाऊन या लहान संघाकडून तो खेळायला गेला आणि लवकरच रागाच्या भरात पंचांकडून मैदानाबाहेर काढला गेला. स्टॉकपोर्टचा कारभार पाहिला, तोही सोडला. मग १९६७ साली जर्मनीत परतून म्युन्स्टर आणि रुसेल्सहाइम येथील संघांना शिकवले. बावीस वर्षांनी मायदेशी परतलेला हा गृहस्थ तिथल्यांना अर्धा इंग्रजच वाटला असला तर आश्चर्य नाही. तिथेही त्याचे बस्तान बसले नाही.

बसले ते तिसरीकडेच. पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल मंडळाने, ज्या मंडळाच्या संघात त्याला कधी जागा मिळाली नव्हती त्यानेच, त्याला फुटबॉल शिकवायला जगभर पाठवले. १९७२ ते १९७४ ब्रह्मदेश, मग टांझानिया, लायबेरिया, १९८० नंतर काही वर्षे आपला शेजारी पाकिस्तान, आणि शेवटी उत्तर येमेन. जेथे गोलाला जाळी नाही, मैदानावर गवत नाही, अशा ठिकाणी तो मुलांना चेंडू हाताने कसा फेकावा ते दाखवत फिरला. १९८८ साली निवृत्त होऊन स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ राहिला. १९९७ मध्ये जर्मनीने आणि २००४ मध्ये ब्रिटनने त्याला मानचिन्ह दिले. ब्रिटनने ते दिले दोन देशांतील सलोख्यासाठी. म्हातारपणी तो युक्रेनच्या जंगलाविषयी बोलला, आपल्या बालपणी डोक्यात काय भरले गेले होते तेही बोलला, आणि आपले खरे शिक्षण इंग्लंडात झाले असे म्हणत असे.

१९ जुलै २०१३ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, तो स्पेनमधल्या त्या घरी वारला.